ओडमुंडने काढून टाकलेली ओळ

ओडमुंड वोगेन आमच्या पेपरात नेमका कधी लागला हे कोणालाच नीट आठवत नाही, कारण त्याने ते कोणाला सांगितलंच नव्हतं. एका सोमवारी कोपऱ्यातल्या खोलीत एक उंच, पाठीतून वाकलेला माणूस तारा गुंडाळताना दिसला. मी तेव्हा खाली जाहिरातींच्या खिडकीवर बसायचे. जन्म, मृत्यू, लग्न, हरवलेली मांजरं, सगळं माझ्याकडे. मला वाटलं वीजवाल्यांचा कोणी असेल. पुढे नाताळच्या जेवणाला तो आमच्याच टेबलावर येऊन बसला आणि पहिल्यांदा कळलं की हा आपलाच आहे.

आता नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या आमच्या या क्रिस्तियानसुनमध्ये स्वतःबद्दल बोलायची पद्धत नाहीच. एखाद्याने बोट बांधली तर तो म्हणतो, तरंगते कशीबशी. पण ओडमुंडने या सवयीचं पार व्रत करून टाकलं होतं. कॉफीचं मशीन बंद पडलं आणि त्याला विचारलं, तुला येतं का रे दुरुस्त करता, तर तो म्हणायचा, "बघतो." मग ते तो अर्ध्या तासात चालू करायचा आणि हात खिशात घालून तिथेच, मशीनपासून दोन हातांवर उभा राहायचा. कोणी "वा" म्हटलं तर मान खाली घालून "त्यात काय" म्हणायचं आणि जायचं. कोणी काही म्हटलं नाही, तरीही जायचं. पण मग तो जाताना दार जरा जास्तच हळू लावायचा. मला ते दार ऐकू यायचं.

हे त्याच्याकडे आईकडून आलं होतं. हर्दिस म्हातारी लहानपणी खडकांवर मासे वाळत घालायला जायची, आणि सगळ्या जगाला तिने त्याच माशांसारखं कोरडं करून ठेवलं होतं. तिची बहीण गेली तेव्हा ती मृत्यूची जाहिरात द्यायला माझ्या खिडकीवर आली. मी नेहमीचा मजकूर वाचून दाखवला: आमची लाडकी अमुक अमुक. म्हातारीने बोट काचेवर टेकवून "लाडकी" काढायला लावलं. "ते दुसऱ्यांनी म्हणायचं," ती म्हणाली. मग "शांतपणे निधन पावली" मधलं "शांतपणे"ही काढायला लावलं, कारण ते पाहायला तिथे कोणी नव्हतं. जाहिरात अगदी छोटी झाली. म्हातारी समाधानाने घरी गेली.

ओडमुंडला जर्मन उत्तम यायचं. तरुणपणी तो ब्रेमरहाफनच्या गोदीत होता. एकदा तिकडून पाहुणे आले, आमच्या संपादकाने त्यांना बाकालाओ, म्हणजे इथला खारवलेल्या माशाचा रस्सा, खायला घातला आणि जेवणभर हातवारे करून त्यांना खारवलेल्या माशाचा इतिहास सांगितला. पाहुण्यांपैकी एकाचा असा समज झाला की आमच्या गावात पूर्वी मोठा भूकंप झाला होता. ओडमुंड टेबलाच्या टोकाला बसून बटाटे सोलत होता. मी नंतर त्याला म्हटलं, अरे बाबा, दोन वाक्यं बोलला असतास तर? त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. विचारायला हवं होतं ना कोणी, असं काहीतरी तो पुटपुटला. तो पुढचा आठवडाभर शीळ घालत होता. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली, की हा माणूस नम्र नसावा. हा लोकांची परीक्षा घेतो, आणि लोक नापास झाले की याला बरं वाटतं.

संपादकाचं नाव आसगाइर रोकस्ता. दाढी, जाड विणीचा स्वेटर, आणि दर शनिवारी पहिल्या पानावर त्याचं सदर. स्वेटर फक्त सदराच्या फोटोपुरता. एरवी कपाटात असायचा. सदराचा विषय वर्षानुवर्षं एकच, की जे ओस्लोला पळून जातात ते जातात, आपण मात्र इथे, या वाऱ्यात, या खाऱ्या हवेत पाय रोवून उभे आहोत. लोकांना ते फार आवडायचं. ज्यांची मुलं ओस्लोला होती त्यांना जास्तच. ते कात्रणं काढून मुलांना पाठवायचे.

पेपर कागदावरून हळूहळू पडद्यावर सरकला, तसा ओडमुंड नकळत महत्त्वाचा झाला. मालक कंपनीने वेबसाइट नवी करायचं ठरवलं आणि त्रोनहाइमहून सिन्ने नावाची मुलगी पाठवली. मुलगी म्हणजे चाळिशीची, पण आमच्यापुढे मुलगीच. ती पहिल्या दिवशी कँटीनमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, माझं नाव सिन्ने, वेबसाइट वेगवान करण्यात मी चांगली आहे, त्यासाठीच मला पाठवलंय. एवढंच. ओडमुंडने हातातलं वॅफल बशीत ठेवलं. त्या दिवशी त्याने ते पुन्हा उचललं नाही.

तिने काय केलं ते मला कळलं, कारण तिने ते मला समजावून सांगितलं. मी विचारलं होतं. आमच्याकडे दोन सर्व्हर झाले. एक आत बसून पान तयार करणारा, आणि एक दारात. आतला हुशार पण मंद. त्याला एकेक पान जुळवायला वेळ लागायचा. म्हणून दारातला त्या पानाची प्रत स्वतःजवळ ठेवायचा आणि येईल त्या वाचकाला तीच द्यायचा. प्रत शिळी झाली की मगच आतल्याला नवं पान मागायचा. अडचण एवढीच होती की पानावर एक चौकट होती, वाचकाच्या नावाची. माझ्या पानावर सुप्रभात, रागना, तू जपून ठेवलेल्या या जाहिराती, तुझ्या या अर्धवट राहिलेल्या गोष्टी. ती चौकट प्रत्येकाची वेगळी. मग सिन्नेने असं केलं की आतल्याने पानात त्या जागी नुसतं भोक ठेवायचं, आणि ते भोक दारातल्याने भरायचं, ज्याचं त्याच्या नावाने.

पण दारात कोण उभं आहे ते आतल्याला दिसत नाही. भोकं भरता येणारा आहे की साधासुधा आहे, त्याला काय माहीत? म्हणून दारातला दर वेळी पान मागताना एक ओळ सोबत पाठवायचा. ओळीचा अर्थ असा: मी अमुक, मला तुकडे जोडता येतात. ती ओळ आली की आतला निर्धास्त भोक ठेवून पान द्यायचा. ओळ आली नाही, तर तो समजायचा की समोर अडाणी उभा आहे, आणि बिचाऱ्याला त्रास नको म्हणून चौकटसुद्धा स्वतःच भरून, सगळं पान एकजीव करून पाठवायचा.

"म्हणजे दर वेळी सांगायचं?" ओडमुंडने विचारलं. तो शेजारच्या टेबलावर होता. सहा आठवड्यांत त्याने तिला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"दर वेळी," सिन्ने म्हणाली.

"एकाच वेबसाइटसाठी काम करतात ते दोघं."

"हो. तरी दर वेळी."

ओडमुंडने मान हलवली. त्या मान हलवण्यात त्याची आई होती. दिवसातून हजारो वेळा एक यंत्र दुसऱ्या यंत्राला सांगतंय की मला हे येतं, मला हे येतं. आणि आतल्याने आजवर एकदाही "वा" म्हटलेलं नाही.

सिन्ने काम संपवून त्रोनहाइमला गेली. वेबसाइट पळू लागली. आसगाइरने सदर लिहून त्याचं श्रेय गावाच्या चिवटपणाला दिलं.

मग मालक कंपनीकडून सुरक्षेची तपासणी करणारा एक माणूस आला. त्याचं म्हणणं बरोबर होतं: आमचे सर्व्हर बाहेरच्या जगाला, कोणी न विचारता, आपलं नाव आणि आवृत्ती सांगत सुटले होते, आणि चोराला तेवढंच हवं असतं. त्या ओळी काढून टाका, तो म्हणाला. ओडमुंडने त्या अशा तळमळीने काढल्या की तपासनीसही चकित झाला. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की इतकी स्वच्छ जागा त्याने या किनाऱ्यावर पाहिली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा ओडमुंडला वाट बघत न उभं राहता कौतुक मिळालं. तो लाल झाला. मला वाटतं घोळ तिथेच झाला. माणसाला एकदा फुशारकी पुसण्याबद्दल शाबासकी मिळाली की तो पुसायला आणखी काही शोधतो.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी, घरी जायच्या आधी, ओडमुंडने ती आतल्याला जाणारी ओळही काढली. कोणी सांगितलं नव्हतं. तपासनीसाने बाहेरच्या ओळी म्हटल्या होत्या, ही तर घरातल्या घरातली. पण ओडमुंडच्या मते ती सगळ्यात निर्लज्ज होती. ज्याला काम येतं त्याने काम करावं, आतल्याला आपोआप कळेल, असा त्याचा हिशेब. त्याने नंतर वेबसाइट उघडून पाहिली. पान आलं. कोपऱ्यात लिहिलं होतं: शुभ संध्याकाळ, ओडमुंड. सगळं ठाकठीक होतं. त्याने दिवा मालवला आणि तो घरी गेला.

त्याला जे दिसलं ते पान एकजीव होतं, भोक नसलेलं, त्याच्या नावासकट. आणि दारातल्याने नेहमीप्रमाणे त्याची प्रत काढून ठेवली होती, पुढच्यांना वाटायला.

शनिवारी वादळ आलं. आमच्याकडे वादळ ही बातमी नसते, पण ते आलं. पूल बंद, बेटांमधली सुंदची फेरीबोट बंद, समुद्रातून जाणाऱ्या अटलांटिक रस्त्यावरून लाटा पलीकडे जात होत्या. अशा सकाळी सगळं गाव एकच गोष्ट करतं: अंथरुणातूनच पेपरची वेबसाइट उघडतं आणि काय काय बंद आहे ते बघतं. मीही उघडली. वर आसगाइरचं सदर होतं, "वारा आपला आहे". आणि शेजारच्या चौकटीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं:

सुप्रभात, आसगाइर!

त्याखाली जपून ठेवलेल्या जाहिराती. ओस्लो, मायुरस्तुएन, तीन खोल्या, बाल्कनी, ट्राम दारात. ओस्लो, फ्रोगनर, चार खोल्या, शांत वसाहत. त्याच्याही खाली, "तुझी अर्धवट राहिलेली जाहिरात, अजून प्रसिद्ध नाही": समुद्राकाठचं प्रशस्त घर, गाव क्रिस्तियानसुन, विकणे आहे, वाऱ्यापासून पूर्णपणे सुरक्षित.

मी चष्मा पुसला. मग मी कॉफी केली, कारण हे कॉफीशिवाय वाचण्यासारखं नव्हतं.

झालं होतं ते असं. आसगाइर दर शनिवारी पहाटे उठून स्वतःचं सदर स्वतः वाचायचा. त्या दिवशीही उठला. दारातल्याकडची प्रत नेमकी तेव्हाच शिळी झाली होती. दारातल्याने आतल्याला नवं पान मागितलं, ओळ न पाठवता. आतल्याने आसगाइरची चौकट भरून सगळं पान त्याच्या हातात ठेवलं, आणि दारातल्याने ते जपून ठेवलं. एरवी दहापंधरा मिनिटांनी ते शिळं होऊन दुसऱ्या कोणाचं नाव लागलं असतं. पण गाव जागं झालं, एकदम सगळं गाव, हरतऱ्हेची पानं उघडत, आणि आता चौकटींसकट प्रत्येक पान आतल्यालाच जुळवावं लागत होतं. तो कोसळला. आतला पडला की दारातल्याने काय करावं हे सिन्नेने विचारपूर्वक ठरवून ठेवलं होतं: वाचकाला रिकाम्या हाताने परत पाठवू नये, शेवटची प्रत असेल ती वाटत राहावी. तो वाटत राहिला. सकाळभर. नॉर्डलान्दे, गोमालान्दे, इनलान्दे, सगळ्या बेटांवर घरोघर सुप्रभात, आसगाइर.

मी वाऱ्यात भिंती धरत धरत कचेरीत पोचले, तेव्हा फोनच्या मशीनवर निरोप होते. पहिला आवेर्या बेटावरच्या एका म्हातारीचा, आदल्या संध्याकाळचा: पेपर मला ओडमुंड म्हणतोय, माझं काही म्हणणं नाही, पण तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. त्यानंतरचे सगळे आजचे. एकाने घर बघायला कधी येऊ ते विचारलं होतं. दुसऱ्याने विचारलं होतं की वाऱ्यापासून सुरक्षित ही जागा गावात नेमकी कुठे आहे, आपण साठ वर्षं शोधतोय.

आसगाइर माझ्या आधीच आला होता. स्वेटर घालून. मला वाटतं घाईत हाताला लागला तो घातला असेल. तो ओरडला नाही. आमच्याकडे ओरडत नाहीत. तो ओडमुंडच्या खुर्चीमागे उभा राहून अगदी हळू आवाजात म्हणाला, "हे आत्ता काढ."

"बघतो," ओडमुंड म्हणाला.

तो बघत होता. आतल्याला उठवत होता, आणि तो उठून पुन्हा पडत होता. शेवटी आसगाइरनेच सिन्नेला फोन लावला आणि मोठ्याने ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. तिने दोनतीन गोष्टी तपासायला सांगितल्या.

"दारातल्याची ओळ दिसत नाहीये," ती म्हणाली. "कोणी काढली?"

ओडमुंड पडद्याकडे बघत राहिला.

"ओडमुंड, मी चिडलेली नाही. फक्त मला कळायला हवं."

"मी," ओडमुंड म्हणाला.

"का?"

त्याला सांगता येईना. म्हणजे सांगता आलं, पण ते ऐकताना मलाच कसंतरी झालं. त्याने सांगितलं की ते बरं दिसत नव्हतं. सारखं सारखं आपल्याला काय येतं ते सांगत बसणं.

सिन्ने म्हणाली, "अरे, त्याला दिसत नाही तू कोण आहेस ते. तू सांगितलं नाहीस की तो तुला मठ्ठच समजणार. तो चांगुलपणानेच समजतो, पण मठ्ठ समजतो."

आसगाइर म्हणाला की तत्त्वज्ञान नंतर करा. ओळ परत घातली, दारातल्याकडच्या जुन्या प्रती फेकून दिल्या, आणि दुपारी मला माझं स्वतःचं नाव पुन्हा दिसलं. तोवर गावात चौकटीचा फोटो नसलेला फोन उरला नव्हता.

सोमवारी सिन्ने स्वतः आली आणि सगळ्यांसमोर फळ्यावर काढून तिने सगळं समजावलं. दोष कोणाचा हेही लपवलं नाही, ना वाढवून सांगितलं. स्वतःचाही एक सांगितला: ओळ नसेल तर आतल्याने चौकट मुळीच भरू नये, अशी सोय तिने करून ठेवायला हवी होती. ओडमुंड उभा राहून म्हणाला की ओळ मी काढली. आसगाइरने खुलासा केला की ओस्लोचं घर तो आपल्या मुलीसाठी बघत होता. मुलगी बेर्गनला राहते आणि तिथे सुखी आहे, हे तिने त्याच संध्याकाळी स्वतःहून लोकांना सांगितलं.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. पण गावाने ते सरळ घेतलं नाही. गावाला वाटलं, ओडमुंडने हे मुद्दाम केलं. वर्षानुवर्षं कोपऱ्यातल्या खोलीत गप्प बसलेला माणूस, संपादकाचं ढोंग त्याला आधीपासून ठाऊक, आणि योग्य दिवस बघून त्याने पडदा बाजूला सारला. याहून सुंदर गोष्ट आमच्या गावात बऱ्याच दिवसांत घडली नव्हती, तेव्हा ती घडलेलीच नाही असं कोण ऐकून घेणार? आम्ही सांगून पाहिलं. मी स्वतः मासेवाल्याच्या दुकानात उभं राहून दारातला, आतला, भोक, ओळ, सगळं सांगितलं. ते सगळे सभ्यपणे ऐकून घेत होते, आणि मी बाहेर पडले तेव्हा मागून ऐकू आलं, बिचारीला नोकरी टिकवायची असणार.

आणि ओडमुंड? फेरीबोटीवर लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे. तो मान खाली घालून म्हणायचा, "नाही नाही, मी काहीच केलं नाही." थाप मारणारे एकमेकांकडे बघायचे. केवढा हा माणूस, आणि म्हणतो काहीच केलं नाही. तो जितकं नाकारायचा तितका मोठा होत गेला. खरं तर त्याने ते एका वाक्यात संपवलं असतं: अहो, माझी चूक झाली. पण ते वाक्य तो म्हणायचा नाही. "काहीच केलं नाही" एवढंच म्हणायचा, जे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं.

मी एकदा त्याला गाठलं. कँटीनमध्ये दोघंच होतो. मी म्हटलं, "तू लोकांना सरळ सांगत का नाहीस की घोळ झाला म्हणून?"

त्याने बराच वेळ घेऊन ब्राऊन चीजचा पातळ काप काढला. "सगळ्यांना सांगत सुटायचं? माझ्याच गोष्टी?" तो म्हणाला. "बरं दिसतं का ते?"

मी बशी उचलून धुवायला ठेवली.

आसगाइर उन्हाळ्यात गेला. निरोपाच्या सदरात त्याने लिहिलं की माणूस गाव सोडतो पण गाव माणसाला सोडत नाही, आणि ते अगदी खरं ठरलं, कारण त्याचं घर दोन वर्षं विकलं गेलं नाही. जो बघायला यायचा तो आधी अंगणात उभा राहून बोट ओलं करून हवेत धरायचा. कोणा पक्षाने ओडमुंडला नगरपालिकेच्या यादीत अगदी तळाशी टाकलं, यादी भरायला; लोकांनी मतपत्रिकेवर त्याच्या नावापुढे खुणा करून करून त्याला वर आणलं आणि तो निवडून आला. एक पूर्ण मुदत तो तिथे बसला आणि एकदाही बोलला नाही. बैठकांच्या वृत्तांतात मी दर वेळी शोधायचे. "वोगेन उपस्थित." लोक म्हणायचे, बघा, बाकीचे नुसते बडबडतात.

गेल्या वसंतात तो निवृत्त झाला. नवी संपादक मनमिळाऊ आहे, तिने थाटात निरोप दिला. साधा मैद्याचा नाही, खरा मलईचा केक होता, बदामाचं वेष्टण असलेला. सिन्नेला त्रोनहाइमहून बोलावलं होतं, ती आली. संपादकीणबाईने चार चांगले शब्द बोलून झाल्यावर विचारलं, ओडमुंड, तुला काही सांगायचंय का? असं विचारायचं असतं म्हणून विचारलं. उत्तर "काही नाही" येणार आणि मग केक कापायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. मी सुरी हातात घेतलीच होती.

ओडमुंड उभा राहिला. त्याने खिशातून हात काढले.

आणि तो बोलू लागला. पेपरात लागला त्या वर्षीच्या शरद ऋतूपासून. छपाईखान्यात पाणी शिरलं तेव्हा पंप कोणी बसवला आणि आभार कोणाचे मानले गेले. निवडणुकीचे आकडे दुसऱ्या पेपरच्या आधी लागले, ते का लागले. वर्धापनदिनाच्या फोटोत तो का नाही. कारण दिवा त्याने धरला होता. छतावरची तार, तळघरातला उंदीर, तारीख, वार, त्या वेळी खोलीत कोण होतं आणि त्यांनी काय म्हटलं नाही. काहींना ओशाळं होऊन नजर खाली घालावी लागली, कारण ते अजून नोकरीत होते आणि समोरच बसले होते. मलई एका बाजूने घसरू लागली. मागच्या रांगेतला खेळांचं पान करणारा दोनदा खाकरला. आम्ही कितीतरी वर्षांत त्याला विचारलं नव्हतं, आणि आता एकदा विचारलं होतं, तर थांबायची काही सोय नव्हती.

मग तो त्या फेब्रुवारीवर आला. मला वाटलं, आता सांगेल. इतकं सगळं सांगितलं, तर हेही सांगेल, आणि बरं होईल.

"आणि त्या शनिवारी," ओडमुंड म्हणाला, "गावाला जे कळायला हवं होतं, ते मी कळू दिलं. सगळं विचार करून. त्याबद्दल मी आजवर बोललो नाही."

टाळ्या पडल्या. नव्या मुलांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. त्यांनी ही गोष्ट इथे रुजू झाल्यापासून ऐकली होती. ओडमुंडचे डोळे भरून आले होते आणि ते पाणी खोटं नव्हतं. तो मनापासून बोलत होता. मधल्या वर्षांत कधीतरी त्याने लोकांची ती गोष्ट स्वतःही खरी मानली असणार.

सिन्ने माझ्या शेजारी होती. फळ्यावर सगळं काढून दाखवणारी सिन्ने, पहिल्या दिवशी उभं राहून आपल्याला काय येतं ते सांगणारी. तिने तोंड उघडलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने ओडमुंडकडे पाहिलं, मग केककडे, मग बशी पुढे केली.

"थोडाच दे," ती मला म्हणाली. "मला परतीचं विमान आहे."

मी सुरी केकमध्ये घातली. ओडमुंड खाली बसला नव्हता. त्याला नगरपालिकेबद्दलही काही सांगायचं होतं.